धरण फुटलं तर रस्ता किती वाजता बंद होईल? माझ्या डॅम ब्रेक स्टडीचा अनुभव

जानेवारीत एम.ई.चा व्हायवा झाला आणि तेव्हापासून ज्युनिअर मंडळींचे मेसेज सुरू आहेत, डॅम ब्रेकचा (धरण फुटलं तर पाणी कुठे, कधी पोचेल याचा) विषय घ्यावा का, डेटा मिळतो का, लॅपटॉप कसला लागतो, नोकरी सांभाळून होतं का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं क्रमाने एकदाच लिहिते. धरणाचं नाव मात्र देणार नाही. बडोद्याच्या पूर्वेकडचं एक मध्यम आकाराचं मातीचं धरण आहे एवढं पुरे. त्याचे नकाशे अजून अधिकृत झालेले नाहीत आणि अर्धवट नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की काय होतं ते आपण सगळ्यांनी २०२४ मध्ये पाहिलंय.

विषय निघाला तो तिथूनच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या आसपास, बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, शहरातल्या समा भागात माझ्या मामाच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि रात्रभर फोनवर एकच, आजवा फुटलं, आजवा फुटलं. आजवा फुटलं नव्हतं. सयाजीरावांच्या काळातलं ते धरण जागच्या जागी होतं, पाणी पावसाचं आणि सोडलेलं होतं. पण त्या रात्री मी सिव्हिल इंजिनिअर असूनही मामीच्या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकले नाही, "खरंच फुटलं तर आपल्याकडे यायला किती वेळ लागेल गं?" त्यात आमची मावशीआजी पुण्याच्या नारायण पेठेतली, १२ जुलै १९६१ चं पानशेत तिने अंगावर घेतलेलं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते, त्यामुळे फुटायला सकाळ झाली, खाली खडकवासलाही फुटलं, पण दिवस होता म्हणून लोक पळू शकले असं ती कायम सांगायची. उलट कोकणातलं तिवरे २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, धरण त्या मानाने लहान, तरी वीसएक माणसं गेली. म्हणजे पाणी किती यावर सगळं ठरत नाही, कधी येतं आणि लोकांना कळतं का यावरही ठरतं, हे घरात लहानपणापासून ऐकलेलं होतं.

ऑक्टोबरमध्ये गाइड सरांकडे विषय नेला. त्यांनी हो म्हणण्याआधी दोन गोष्टी वाचायला सांगितल्या आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पहिली म्हणजे केंद्रीय जल आयोगाच्या मार्गदर्शिका, एक २०१६ ची, धोका झाल्यास कोणी काय करायचं त्या आराखड्यावरची, म्हणजे इमर्जन्सी अ‍ॅक्शन प्लॅनवरची आणि दुसरी २०१८ ची, धरणांमुळे येणाऱ्या पुराच्या जोखमीचे नकाशे कसे करायचे यावरची. दोन्ही फुकट मिळतात. आणि दुसरी गोष्ट मच्छू-२. सौराष्ट्रातल्या मोरबी शहराच्या वरचं हे धरण ११ ऑगस्ट १९७९ ला फुटलं. सांडव्याची (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची) क्षमता सेकंदाला साधारण ५,६६३ घनमीटरची आणि आलेला पूर त्याच्या जवळजवळ तिप्पट, पाणी मातीच्या बांधावरून गेलं, डावीकडचा ७६२ मीटर आणि उजवीकडचा ३६५ मीटर बांध वाहून गेला, आणि मोरबी फक्त ५ किलोमीटर खाली. वीसएक मिनिटांत शहरात पाणी. मृतांचा आकडा आजही १,८०० पासून कितीतरी वरपर्यंत वेगवेगळा सांगतात. सर म्हणाले, आधी हे कागदावर उलगड, कुठल्या क्षणी कोणाला काय कळलं असतं तर किती लोक वाचले असते ते लिही, सॉफ्टवेअर मग उघड. तेव्हा थोडं कंटाळवाणं वाटलं पण पुढे सगळा प्रबंध त्याच प्रश्नावर उभा राहिला.

मग कागदपत्रं. इथेच बहुतेक लोक सोडून देतात म्हणून जरा सविस्तर सांगते. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे, १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. जुन्या धरणांच्या मालकांनी पाच वर्षांत इमर्जन्सी अ‍ॅक्शन प्लॅन करायचाय, म्हणजे मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. मला वाटलं प्लॅन तयार असेल तर मागून घेऊ. ११ नोव्हेंबर २०२४ ला आरटीआय टाकला, गुजरातमध्ये फी २० रुपये. तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, कलम ८(१)(क), सुरक्षेचं कारण, माहिती देता येत नाही. खूप निराश वाटलं, खरं सांगते. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करता येतं, ते केलंच, पण सरांनी त्याच आठवड्यात दुसरा रस्ता दाखवला. पूर्ण प्लॅन मागू नकोस, तुला मॉडेलसाठी जे लागतं तेवढंच मोजून माग. म्हणजे धरणाचा छेद, माथ्याची पातळी, पूर्ण संचय पातळी, पातळी आणि साठा यांचा तक्ता, सांडव्याची लांबी आणि दारं. सोबत विभागप्रमुखांचं पत्र, आणि स्पष्ट लिहून दे की धरणाचं नाव छापणार नाही आणि नकाशे आधी तुम्हालाच दाखवीन. हे पत्र घेऊन गेले तेव्हा तिथल्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि रेकॉर्ड रूम उघडून दिली. आत सगळी ड्रॉइंग कापडावर, हाताने काढलेली. झेरॉक्स पानाला २ रुपये, मोठ्या ड्रॉइंगचे फोटो काढायची परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०२५ उजाडला होता तोपर्यंत.

एक टिप इथे. जुन्या ड्रॉइंगवरची पातळी फुटात असते आणि ती कुठल्या बेंचमार्कवरून (उंचीच्या ठरलेल्या खुणेवरून) मोजलीय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सॅटेलाइटवाल्या उंचीचा शून्य वेगळा, डीजीपीएस (जागा आणि उंची अचूक मोजणारं यंत्र) जी उंची देतो तिचा शून्य आणखी वेगळा, आपल्या भागात त्या दोघांत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. आम्ही डीजीपीएस भाड्याने घेतला, ऑपरेटरसकट दिवसाला साडेचार हजार, आणि धरणाच्या माथ्यावर, सांडव्यावर आणि खालच्या दोन पुलांवर पॉइंट घेऊन सगळं एका पातळीवर आणलं. महाग वाटतं पण या एका खर्चात काटकसर करू नका.

जमिनीच्या उंचीसाठी म्हणजे डीईएमसाठी (उंचीच्या डिजिटल नकाशासाठी) फुकटात ३० मीटरच्या चौकोनांचे पर्याय आहेत, इस्रोच्या भुवन साइटवर कार्टोसॅट उपग्रहाचा, शिवाय अमेरिकेचा एसआरटीएम, युरोपचा कोपर्निकस. एसआरटीएमची मोजणी २००० सालच्या फेब्रुवारीतली आहे, त्यानंतर बांधलेलं काहीच त्यात नाही. आणि आमच्याकडच्या नद्या तुम्हाला माहितीच आहेत, अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूला कोतरं म्हणजे घळी, तीस मीटरच्या चौकोनात नदीचा तळ दिसतच नाही, झाडांचे शेंडे दिसतात. त्यामुळे नदीचे आडवे छेद आम्ही उन्हाळ्यात स्वतः घेतले, पाणी नसताना, आणि ते डीईएममध्ये कोरून बसवले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट (उंचसखल भागाचे सविस्तर नकाशे) आता ऑनलाइन फुकट उतरवता येतात, त्यावर जुने नाले आणि कोतरं छान दिसतात, जरूर घ्या.

किती पूर धरायचा यासाठी सांडव्याच्या क्षमतेचं भारतीय मानक आयएस ११२२३ बघा. साठा १० ते ६० दशलक्ष घनमीटर असेल तर धरण मध्यम वर्गात, त्याला स्टँडर्ड प्रोजेक्ट फ्लड, म्हणजे त्या भागात येऊ शकणारा फार मोठा पूर. ६० च्या वर मोठं धरण, तिथे प्रोबेबल मॅक्सिमम फ्लड, म्हणजे शक्य असलेला सगळ्यात मोठा पूर. खाली वस्ती जास्त असेल तर वरच्या वर्गाचा पूर तपासता येतो, आम्ही दोन्ही तपासले. छोट्या पाणलोटासाठी जल आयोगाचे फ्लड एस्टिमेशन रिपोर्ट आहेत, आपल्याकडे मही-साबरमतीचा उपविभाग ३(अ) आणि लोअर नर्मदा-तापीचा ३(ब), आपलं धरण कुठल्यात बसतं ते नकाशावर बघून घ्यायचं.

आता फूट, म्हणजे धरणाला पडणारं भगदाड. धरण कसं फुटेल हे कोणीच आधी सांगू शकत नाही, म्हणून आधी फुटलेल्या धरणांवरून बांधलेली सूत्रं वापरतात. मी फ्रोलिक या संशोधकांचं २००८ चं सूत्र मुख्य धरलं. अंदाज यावा म्हणून एक गोल आकड्यांचं उदाहरण, साठा २ कोटी घनमीटर, फुटीची उंची १५ मीटर. पाणी माथ्यावरून गेलं तर फुटीची सरासरी रुंदी साधारण ८५ मीटर येते, आतून झिरपून, ज्याला पायपिंग म्हणतात तसं फुटलं तर ६५ मीटर, आणि फूट पूर्ण उघडायला दोन्ही वेळा १ तास ४० मिनिटं. त्यांचंच १९९५ चं सूत्र लावलं तर सर्वांत मोठा प्रवाह सेकंदाला २,४८५ घनमीटर, आपल्या भाषेत ८८ हजार क्युसेकच्या आसपास. हा हिशोब कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतो आणि मॉडेलचं उत्तर याच्या फार लांब गेलं तर कुठेतरी काहीतरी तपासायला हवं हे कळतं. दोन परिस्थिती नक्की चालवा, एक भर पावसात पूर आलेला असताना आणि दुसरी आकाश निरभ्र, धरण भरलेलं आणि काहीही कारण नसताना झिरपून फुटतंय अशी. दुसरीत पाणी कमी असतं पण कोणी सावध नसतं, नदीत गुरं असतात, बायका कपडे धूत असतात.

सॉफ्टवेअर हेक-रास, पाणी कसं आणि कुठे वाहील ते काढणारं. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर कोअरचं आहे, पूर्ण फुकट, टू-डी मॉडेल त्यात २०१६ पासून आहे. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून घेतली, ५,२०० रुपये. रात्री रन लावायचा आणि सकाळी ऑफिसला जायच्या आधी बघायचा असं एप्रिल-मे चाललं. समीकरणांमध्ये डिफ्यूजन वेव्ह हा सोपा केलेला प्रकार पटकन चालतो म्हणून मोह होतो, पण धरणफुटीत पाण्याचा सुरुवातीचा जोर महत्त्वाचा, तो जोर धरणाऱ्या फुल मोमेंटमवरच शेवटचे रन करा आणि टाइम स्टेप (हिशोबातला वेळेचा टप्पा) लहान ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ कशाने खाल्ला तर नर्मदेच्या मुख्य कालव्याने. पूर्वेकडून येणारी नदी कालव्याला छेदते, तिथे सायफन (एक प्रवाह दुसऱ्याच्या खालून नेणारी बांधीव वाट) असतो किंवा कालवाच नदीवरून नेलेला असतो. पण डीईएमला वरून फक्त कालव्याचा उंच भराव दिसतो, खालची वाट दिसत नाही. मग मॉडेलमध्ये पाणी भरावाशी येऊन थांबतं, मागे तळं होतं, आणि खालची गावं कोरडी दाखवतात. नकाशा इतका सुबक दिसतो की खरा वाटतो. एक्सप्रेस-वे आणि रेल्वेच्या भरावाचंही तेच. प्रत्येक मोरी, प्रत्येक पूल जागेवर जाऊन मोजून मॉडेलमध्ये टाकावा लागला. आणि उलट बाजूही तपासली, मोऱ्या गाळाने, काट्याकुट्याने तुंबल्या तर काय. कालव्याच्या वरच्या अंगाची दोन गावांचे निकाल त्या रनमध्ये एकदम बदलले.

आणि मग गावं. ही पायरी मार्गदर्शिकेत छोटी आहे पण माझ्या मते सगळ्यात मोठी. मे अखेरीस प्राथमिक नकाशा घेऊन गेलो, सोबत तलाटी होते. नकाशावर काय आहे ते न सांगता आधी विचारायचं, मोठं पाणी येतं तेव्हा आधी कुठून येतं. धरणापासून साधारण ६ किलोमीटरवरच्या गावात मॉडेल म्हणत होतं की फूट सुरू झाल्यापासून सुमारे ५० मिनिटांनी नदीकाठची घरं बुडायला लागतील. एक वयस्कर काका म्हणाले, "बेन, पाणी नदीमांथी पछी आवे, पहेलां पाछळना कोतरमांथी आवे." नदीतून नंतर येतं, आधी मागच्या कोतरातून येतं. त्यांच्यासोबत चालत गेले, तर गावाचा एकुलता एक डांबरी रस्ता त्या कोतरावरच्या बुटक्या नाल्यावरून जातो. घरी येऊन मॉडेलमध्ये त्या जागी हिशोबाच्या चौकोनांची जाळी बारीक करून पुन्हा रन लावला. रस्ता ३० मिनिटांतच तुटत होता, घरात पाणी यायच्या २० मिनिटं आधी. म्हणजे पाणी दिसल्यावर निघालेला माणूस रस्त्यात अडकणार. आणि गावाची ठरलेली आसऱ्याची जागा म्हणजे शाळा, ती कोतराच्या पलीकडे.

त्या दिवशीपासून मी पाण्याच्या खोलीचा रंगीत नकाशा बाजूला ठेवला आणि प्रत्येक गावासाठी तीन गोष्टींची वेळ काढायला लागले, रस्ता कधी तुटतो, पहिलं घर कधी भिजतं, पाणी सगळ्यात वर कधी पोचतं. खोली आणि वेग यांचा गुणाकार करून धोक्याचे एच-१ (सगळ्यात कमी) ते एच-६ (सगळ्यात जास्त) असे वर्ग पाडतात, ते केलेच, तेही रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी. नुसती खोली बघून फसायला होतं. अर्धा मीटरच पाणी, पण जोरात वाहत असेल तर लहान मूल, म्हातारं माणूस उभं राहू शकत नाही. वेळेचा फरक केवढा पडतो यासाठी वेन ग्रॅहॅम यांचं १९९९ चं काम बघा, अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनसाठी केलेलं. मध्यम तीव्रतेच्या पुरात काहीच इशारा नसेल तर धोक्यातल्या शंभरपैकी १५ माणसं जातात असं त्यांनी सुचवलंय, तासाहून जास्त आधी नेमका इशारा मिळाला तर १. हा आकडा वाचल्यावर मला रात्री झोप लागेना, कारण माझ्या तक्त्यात तासाच्या आतली गावं होती.

फूट पूर्ण उघडायला लागणारा वेळ निम्मा करून आणि दुप्पट करूनही रन चालवले. जवळच्या गावांत पाणी पोचायची वेळ खूप हलते, १९ किलोमीटरवरच्या मोठ्या गावात सर्वोच्च पातळी जवळजवळ तीच राहते. म्हणून लांबच्या गावाला एक आकडा देता येतो, जवळच्या गावाला "एवढ्या ते एवढ्या मिनिटांत" असंच सांगायला हवं, आणि तिथे आखणी कमीत कमी वेळ धरूनच करायची.

माणसं किती धोक्यात हे काढायला जनगणना २०११ चीच आहे. पंचायतीत मतदार यादी आणि अंगणवाडीची यादी विचारा, आणि वीटभट्टीवर, शेतावर बाहेरून आलेली कुटुंबं वेगळी मोजा, ती कुठल्याच यादीत नसतात आणि राहायला बहुतेकदा नदीलगतच असतात.

जूनपासून पावसाळा, गाव भेटी बंद. ९ जुलैला पादऱ्याकडचा गंभीरा पूल पडला, सगळी इंजिनिअर मंडळी पुलांच्या तपासण्यांत गुंतली, त्यामुळे धरण मालकांना निकाल दाखवायची बैठक ऑक्टोबरपर्यंत लांबली. योग्यच होतं. बैठकीत नकाशापेक्षा तीन वेळांच्या तक्त्यावर जास्त चर्चा झाली. रात्री चौकीदाराला झिरपा दिसला तर त्याने पहिला फोन कोणाला करायचा, रेंज नसेल तर काय, यावर अर्धा तास गेला, आणि मला तो वेळ फार मोलाचा वाटला, कारण मच्छूच्या वेळी मोरबीला वेळेवर कळलंच नव्हतं. तक्ता त्यांनी कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती शाखेकडे पाठवला. गावात आपण थेट नकाशे वाटू नयेत, आधी मालक आणि जिल्हा, मग त्यांच्यामार्फत मामलतदार आणि तलाटी, हा क्रम सोडू नका. घाबरलेल्या लोकांना मग खरा इशाराही खोटा वाटतो.

डिसेंबरात प्रबंध जमा, जानेवारीत व्हायवा. बाहेरच्या परीक्षकांनी जवळजवळ सगळे प्रश्न कालव्याच्या सायफनवर आणि त्या कोतरावर विचारले. खर्च एकूण साधारण ३८ हजार झाला, त्यात सगळ्यात मोठा डीजीपीएस आणि गाडीभाडं, मग बाइंडिंग-छपाई, सॉफ्टवेअर आणि डेटा शून्य. नोकरी सांभाळून करायचं असेल तर कागदपत्रं हिवाळ्यात, नदीचे छेद मार्च ते मे, हा हिशोब आधीच बसवा, नाहीतर एक पावसाळा म्हणजे एक वर्ष जातं.

त्या ६ किलोमीटरवरच्या गावाची आसऱ्याची जागा आता शाळेऐवजी कोतराच्या अलीकडच्या टेकडीवरचं मंदिर करायचं असा ठराव ग्रामसभेत मांडला गेलाय, आणि येत्या मेमध्ये तिथे रंगीत तालीम घ्यायचं तालुक्याने ठरवलंय. मी जाणार आहे, घड्याळ लावून शेवटच्या घरातल्या माणसाला वर पोचायला खरंच किती मिनिटं लागतात ते मोजायचंय, कारण प्रबंधात ते मी चालण्याच्या सरासरी वेगावरून धरलंय. मोऱ्या मोजायचा फॉर्म, तीन वेळांच्या तक्त्याचा साचा आणि विभागप्रमुखांच्या पत्राचा मसुदा कोणाला हवा असेल तर कमेंटमध्ये लिहा, पाठवते. आणि ज्यांचं घर एखाद्या धरणाच्या खाली आहे त्यांनी जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ आजच फोनमध्ये सेव्ह करा.